चिनी पद्धतीनं फुलं रंगवायची आहेत: कागद, ब्रश आणि सुरुवात कुठून?

शाहूपुरीची (सातारा)

नमस्कार मंडळी. साताऱ्यात शाहूपुरीला राहते, स्वतःचं मेडिकलचं दुकान आहे. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्या होत्या, चित्रकलेची आवड तेव्हापासूनची. मग डी.फार्म., लग्न, दुकान यात ती मागं पडली. आता मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि दुपारी दुकान बंद असतं तेवढा वेळ माझा एकटीचा असतो. तो मी रंगांना दिलाय.

मला चिनी पद्धतीची फुलं शिकायची आहेत. एका दाबात उमटलेली पाकळी, तिच्यातच गडदपासून फिक्यापर्यंतचा उतार, मागं नुसता कोरा कागद. हे पाहिलं की दुसरं काही काढावंसंच वाटत नाही. पण अडचणी बऱ्याच आहेत.

वॉटरकलरच्या जाड कागदावर रंग वरच बसून राहतो, पाकळीला जीव येत नाही. म्हणून ऑनलाइन ‘राइस पेपर’ मागवला, तर त्यावर ब्रश टेकवायचा अवकाश, रंग पसरून रुपयाएवढा डाग होतो. रेष म्हणून राहतच नाही. ब्रश माझ्याकडे आठ नंबरचा सिंथेटिक गोल आहे. दोन रंग एकदम भरून पाकळी काढायची म्हणतात, ती पहिली एखादी बरी येते, पुढच्या सगळ्या एकाच मळकट गुलाबी रंगाच्या होतात. काळ्या रंगासाठी दुकानातली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक वापरतेय.

आणि एक मनातली गोष्ट. सगळे जण पिओनी काढायला शिकवतात. ते फूल मी जन्मात प्रत्यक्ष बघितलेलं नाही. आमच्या उशाला कासचं पठार आहे, सध्या तिथं सड्यावर तेरडा फुललाय. मी तेरडा, सोनकी या पद्धतीनं काढली तर चालेल का? की आधी त्यांचीच फुलं गिरवायला हवीत? इथं शिकवणारं कुणी सापडलं नाही. ज्यांनी हे काम हातानं केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

---

विश्रामबाग (सांगली)

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. यजमानांच्या नोकरीमुळं आम्ही काही वर्षं चीनमध्ये सुजौला होतो. आमच्या वसाहतीत निवृत्त लोकांसाठी चित्रांचा वर्ग चालायचा, त्यात मी जायची. शिकवणाऱ्या बाईंची उभी हयात रेशमाच्या कारखान्यात नक्षी काढण्यात गेली होती. मला भाषा जेमतेम यायची, त्यामुळं त्या बोलण्यापेक्षा माझा हात धरूनच शिकवायच्या. सांगलीला परत आल्यावरही माझं हे काम रोज चालू आहे. त्यामुळं जे सांगते ते हातानं केलेलं आहे.

आधी कागद, कारण तुमची निम्मी अडचण तिथं आहे. या कलेचा मूळ कागद शुआन. आन्हुई प्रांतात होतो, एका झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्या लगद्यापासून. त्याचे दोन मुख्य प्रकार. एक कच्चा, म्हणजे नुसता. तो पाणी ओढून घेतो. दुसरा पक्का, म्हणजे सरस आणि तुरटीचं पाणी दिलेला. त्यावर पाणी थांबतं. कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकून बघा. लगेच पसरला तर कच्चा, मणी होऊन बसला तर पक्का. तुमच्याकडे आलाय तो कच्चा दिसतो. तो टाकू नका, तोच तुम्हाला हवा आहे.

कारण फुलांच्या वाटाही दोन आहेत. शियेयी म्हणजे मोकळ्या हाताची, थोडक्या फटकाऱ्यांत फूल उभं करणारी. ती कच्च्या कागदावर करतात. गोंगबी म्हणजे बारीक रेषेची. आधी केसाएवढ्या रेषेनं फूल काढायचं, मग फिके थर एकावर एक देत रंगवायचं. ती पक्क्या कागदावर किंवा रेशमावर. तुम्ही लिहिलंय ती एका दाबातली पाकळी शियेयीतली. या दोन वाटांची साधनं, कागद, बसण्याची पद्धत, सगळं वेगळं. मोबाइलवरच्या व्हिडिओत ती सरमिसळ होते आणि नवीन माणूस गोंधळतो.

आता डाग का पडतो ते. पाणी ब्रशच्या टोकात नसतं, ते केसांच्या बुडाशी, दांडी सुरू होते तिथं साठून राहतं. आपण टोक बशीच्या कडेला पुसतो आणि समजतो की ब्रश निथळला. मग कागदावर दाब दिला की बुडातलं सगळं पाणी खाली उतरतं आणि डाग होतो. उपाय सोपा आहे. ब्रश शाईत भिजवा, बशीच्या कडेला दोनदा फिरवून निथळा, आणि मग केसांचं बूड जुन्या सुती फडक्याला टेकवून क्षणभर धरा. टोकाला फडकं लावू नका. एवढं केलं की त्याच कागदावर रेष उभी राहते. आत्ता पावसाळी हवा आहे, कच्चा कागद हवेतलं पाणीही पितो, म्हणून तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवा आणि लागेल तेवढाच बाहेर काढा.

तुमचं मेडिकल आहे म्हणून सांगते, ड्रॉपर घ्या. पांढऱ्या चिनी मातीच्या तीन बश्या मांडा. स्टीलच्या नकोत, छटा दिसत नाही. तिन्हींत शाई सारखीच, पाणी मात्र पहिलीत दोन-चार थेंब, दुसरीत त्याच्या दुप्पट-तिप्पट, तिसरीत इतकं की शाई धुरासारखी दिसावी. चीनमध्ये शाईत पाच रंग असतात म्हणतात. ते पाच दिसायला लागेपर्यंत गुलाबी-पिवळ्याकडे वळू नका, ही माझी कळकळीची विनंती.

ती वॉटरप्रूफ इंक आजच बाजूला ठेवा. तिच्यात लाखेचा अंश असतो, ती केसांत वाळली की ब्रश गेलाच. चिनी शाई म्हणजे काजळी आणि सरस. कांडी मिळाली तर दगडावर थोड्या पाण्यात सावकाश, कांडी उभी धरून उगाळायची. नसेल तर चिनी सुलेखनाची बाटलीतली शाई चालते.

ब्रश दोन घ्या. पाकळ्यांसाठी बकरीच्या केसांचा पांढरा, मऊ. तो पाणी खूप धरतो. पानं आणि देठ यांसाठी कडक केसांचा तपकिरी. चीनमध्ये तो एका जातीच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या, वीझलच्या, शेपटीच्या केसांचा असतो. आपल्याकडे मात्र कुणी खऱ्या मुंगसाच्या केसांचा ब्रश देऊ केला तर घेऊ नका, वन्यजीव कायद्यानं त्याला बंदी आहे. नवीन ब्रशचे केस खळीनं चिकटवलेले असतात, ते साध्या पाण्यात मोकळे करा. गरम पाण्यात आतला सरस सुटतो आणि पुढं केस गळत राहतात. धुतल्यावर टोक खाली करून टांगायचा. कागदाखाली जुनी लोकरी शाल अंथरा. घोंगडं नको, त्याची खरखर रेषेत उतरते.

सरावाचा कागद वेगळा ठेवा. छापखान्यात कोरा न्यूजप्रिंट मिळतो, तो पाणी बऱ्यापैकी ओढतो. शुआन रोज वापरायचा नाही, हात बसला की आठवड्यातून एकदा काढायचा.

आणि सुरुवात ऑर्किडच्या पानापासून. फुलापासून नाही, पानापासून. तिथं चार झाडांना फार मान आहे: हिवाळ्याचा प्लम, वसंतातलं ऑर्किड, उन्हाळ्याचा बांबू आणि शरदातली शेवंती. बाईंनी मला कित्येक महिने ऑर्किडच्या पानाशिवाय दुसरं काही काढू दिलं नाही. ते पान असं. ब्रश अगदी उभा धरायचा, मनगट टेबलाला टेकवायचं नाही, हालचाल खांद्यातून. बुडाशी टोक किंचित उलटं, म्हणजे जायचंय त्याच्या विरुद्ध दिशेला नेऊन टेकवायचं. त्यानं सुरुवात खिळ्याच्या डोक्यासारखी गोल येते. मग पुढं जाता जाता दाब, पान रुंद होतं. त्याला मँटिस या किड्याचं पोट म्हणतात. मग ब्रश उचलत उचलत रेष इतकी बारीक करायची की पान तिथं वळल्यासारखं दिसावं, परत थोडा दाब, आणि शेवटी हवेत निघून जायचं. त्या शेवटाला उंदराची शेपटी म्हणतात. कागद संपला तरी हात थांबवायचा नाही, विमान उठतं तसा तो पुढं जात राहिला पाहिजे.

दुसरं पान पहिल्याला छेदतं, दोघांत जी लांबट जागा तयार होते ती फिनिक्सचा डोळा. तिसरं पान त्या डोळ्यातून जातं. मग फूल: पाच पाकळ्या, पानांपेक्षा फिक्या शाईनं, आणि त्या ओल्या असतानाच मध्यभागी गडद शाईचे तीन ठिपके. झालं फूल. यात रंग नाही, दुरुस्ती नाही, दुसऱ्यांदा ब्रश फिरवणं नाही. झेंग सिशियाओ म्हणून चित्रकार होते, 1241 ते 1318. मंगोलांनी सोंग राज्य घेतल्यावर ते ऑर्किड काढायचे ते मातीशिवाय, कारण माती परक्यानं नेली. एवढं मोठं दुःख चार पानं आणि एका फुलात मावलं, तेही नुसत्या शाईत. मला ते चित्र पुस्तकात पहिल्यांदा दाखवलं तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत, पान उलटायलाही त्यांनी वेळ लावला.

तुमच्या दोन रंगी पाकळीचं उत्तर थोडक्यात देते, कारण ते तुम्ही नंतर करायचंय. बकरीचा ब्रश आधी पांढऱ्यात किंवा अगदी फिक्या गुलाबीत बुडापर्यंत भरायचा, निथळायचा. मग फक्त टोकाला गडद लाल घ्यायचा आणि कोरड्या बशीत ब्रश आडवा करून चार-पाच वेळा मागं-पुढं लोळवायचा, म्हणजे गडद रंग केसांतून वर चढतो आणि उतार तयार होतो. ब्रश कागदावर आडवा ठेवून दाबायचा, टोक फुलाच्या गाभ्याकडे. दोन-तीन पाकळ्यांनी टोकाचा रंग संपतो, तो परत भरायचा. पाकळ्या मळकट होतात त्याचं कारण हेच, टोक न भरता पुढं जाणं. पुंकेसर सगळ्यात शेवटी, दाट पिवळ्या ठिपक्यांनी.

आता तेरड्याचं. ताई, जरूर काढा. सोंग घराण्याचा सम्राट ह्वेइझोंग (1082–1135) स्वतः फुलं-पाखरं काढायचा. त्याच्याबद्दल जुनी नोंद आहे की दरबारातल्या बाकीच्या चित्रांकडे त्यानं पाहिलंही नाही, पण एका तरुणानं काढलेल्या गुलाबाबद्दल मोठं बक्षीस दिलं. का, तर गुलाबाची पानं, केसर, पाकळ्या ऋतूप्रमाणं आणि दिवसाच्या वेळेप्रमाणं बदलतात, आणि त्या तरुणाचा गुलाब वसंतातल्या भर दुपारचा होता, त्यात केसभरही चूक नव्हती. ज्यांना फूल इतकं पाहायची सवय, त्यांची पद्धत शिकायची तर आपण रोज पाहू शकतो ते फूल हवं. पिओनी मीही सुजौच्या बागांमध्ये एप्रिलात पाहिली म्हणूनच मला काढता आली. सांगलीत मी ती काढत नाही. इथं मी अनंत काढते, कर्दळ काढते, कुंपणावरची गोकर्ण काढते.

---

बोरू (मिरज)

काकूंचं सगळं पटलं, एका गोष्टीवर मात्र मी वेगळं म्हणेन. मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो. कित्येक महिने नुसतं पान हे वर्गात बाई शेजारी उभ्या असताना जमतं. घरी एकटं शिकणारा माणूस कंटाळून सोडून देतो. ताईंना रंगाची ओढ आहे, ती मारू नये. आठवड्यातले सगळे दिवस शाईचे, पण एक दिवस रंगाचा ठेवावा.

रंगासाठी मी जास्वंद सुचवेन. पाच पाकळ्या, मोठ्या, मधला दांडा ठसठशीत, आणि गणपतीच्या दिवसांत घरोघरी असतेच. चिनी परंपरेत ती परकीही नाही. ली दी या चित्रकाराची तांबडी आणि पांढरी जास्वंद 1197 सालची, आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती जात सकाळी पांढरी उमलून संध्याकाळपर्यंत गुलाबी होणारी, आपल्याकडेही बागांत लावतात. चित्र गोंगबी वळणाचं आहे, पण पाकळीच्या कडेची घडी कशी वळते हे त्यात डोळे भरून पाहता येतं.

मुंबईला जाणं झालं तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी मातीची भांडी आहेत, तीही बघा. आणि ओळखीत कुणा पारशी घरात गारा साडी, म्हणजे चिनी भरतकामाची साडी, असेल तर हात जोडून बघायला मागा. पिओनी आणि शेवंती इतक्या जवळून आपल्या भागात दुसरीकडं कुठं बघायला मिळणार?

---

सड्यावरचा (सातारा)

मी चित्रकार नाही, झाडांचा माणूस आहे. पावसाळ्यात कास, ठोसेघर, चाळकेवाडी ही माझी वारी असते. शाहूपुरीच्या ताईंना दोन-तीन गोष्टी सांगतो.

तेरडा निवडलात तर त्याला बाजूनं बघा. समोरून नुसत्या गुलाबी पाकळ्या दिसतात, पण मागं एक बारीक वाकडी नळी असते, मकरंद तिथं असतो. ती नळी नसेल तर तेरडा ओळखू येणार नाही. तुमच्या पद्धतीत ती एका रेषेची गोष्ट आहे, पण तीच महत्त्वाची. सोनकीला बाहेरच्या पिवळ्या पाकळ्या मोजक्या आणि मध्ये दाट पिवळं बटण, ती शेवंतीच्याच कुळातली. काकूंनी सांगितलेल्या चार झाडांतलं एक तुमच्या अंगणातच आलं म्हणा.

ऑर्किड तर कासला आहेच. सप्टेंबरपर्यंत हबेआमरी फुललेल्या असतात. त्यातली टूथब्रश म्हणतात ती बघा, पांढरी फुलं दांड्याच्या एकाच बाजूला ओळीनं लागतात. जमिनीत उगवणारी आहे, चिनी चित्रातलं ऑर्किडही जमिनीतलंच, सिंबिडियम. पण पानं निराळी. त्याची गवतासारखी लांब, हिची आखूड. पान काकू सांगतात तसं गिरवा, फूल कासचं बघून काढा, मात्र दोन्हींचं एकच झाड करू नका. आम्हाला बघवत नाही. खरंच सांगतो, कुणी वायतुऱ्याला एकच तुरा काढला की मन खट्टू होतं. साताऱ्याचं नाव शास्त्रीय नावात असलेलं ते फूल, त्याचा तुरा दुभंगलेला असतो, इंग्रजी वाय अक्षरासारखा. दोन रेषा आहेत, त्या दोन काढाव्यात.

सकाळी लवकर जा, दुपारनंतर धुकं उतरलं तर काही दिसत नाही. वाटेवरून खाली उतरू नका, फूल तोडू नका. सड्यावर माती बोटभर असते, एक पाऊल पडलं तर तिथलं बी गेलं. वहीत पेन्सिलीनं टिपा, रंगाचे शब्द लिहून ठेवा, घरी येऊन काढा. 2012 साली युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून गर्दी किती वाढली हे तुम्ही बघताच आहात.

अजून एक. चिनी रंगांत एक झगझगीत पिवळा असतो, झाडाच्या चिकाचा, गॅम्बोज. तो गार्सिनियाच्या चिकापासून करतात, म्हणजे आपल्या कोकमाचं भावंडच. पण खाण्यातला नाही. पूर्वी जहाल जुलाबाचं औषध म्हणून द्यायचे, हे ताईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. ब्रशला टोक आणायला ओठ लावायची सवय असेल तर सोडा.

---

खळ आणि पुठ्ठा (सातारा)

सदाशिव पेठेत आमचं बाइंडिंगचं काम आहे, वडिलांपासूनचं. या कागदाची चित्रं आमच्याकडे एका गिऱ्हाइकानं आणली होती. शाई-रंगानं कागद सुरकुततो, तसाच फ्रेममध्ये घातला तर कायम सुरकुतलेला राहतो. त्याला मागून अस्तर लावावं लागतं. चित्र उलटं ठेवून पाण्याचा हलका फवारा, मऊ ब्रशनं मधून कडेकडे सपाट करायचं, मग मैद्याची पातळ खळ मागच्या बाजूला आणि त्यावर दुसरा कागद. कडांना जाड खळ लावून फळीवर चिकटवून ठेवलं की वाळताना चित्र ताणून सपाट होतं. आम्ही खळीत मोरचूद घालतो, कसर लागत नाही. ताईंनी चित्रं घेऊन यावं, करून देऊ.

---

विश्रामबाग (सांगली)

बाइंडिंगवाले दादा, तुम्ही सांगितली तीच चिनी रीत आहे, अगदी फळीवर ताणण्यापर्यंत. आपल्या साताऱ्यात हे हात आहेत हे वाचून फार बरं वाटलं. फक्त मोरचूद या चित्रांना नको. त्यातलं तांबं कागदाला हळूहळू कुजवतं, पिवळा-तपकिरी करतं. वह्या-चोपड्यांना ठीक, कोऱ्या पांढऱ्या जागेवर उभ्या असलेल्या चित्राला नाही. खळ ताजी शिजवा, गाळून घ्या आणि पातळ ठेवा. आणि ताई, अस्तर लावायच्या आधी चित्र पूर्ण वाळू द्या. बाटलीतली काही शाई पाण्यानं परत सुटते, आधी एक सरावाचा तुकडा ओला करून बघा.

बोरू सर, एक दिवस रंगाचा, मान्य. मी बाईंच्या शिस्तीत वाढले, म्हणून तसं लिहिलं. पण ताई, त्या एका दिवशीही पानं शाईनंच काढा. रंगीत फुलाला शाईचं पान, त्यावर अर्धवट ओलं असताना गडद शिरा. यानं फूल पुढं येतं.

सड्यावरचे दादा, तुमच्या नळीबद्दल आभार. मी इथं तेरडा काढायची तो कुंडीतला, आता बाजूनं बघेन.

---

शाहूपुरीची (सातारा)

काकू, सर, दादा, सगळ्यांना मनापासून नमस्कार. ड्रॉपर, तीन बश्या, जुनी शाल, सगळं मांडलं. बूड फडक्याला टेकवायचं सांगितलंत ते केलं आणि त्याच फुटणाऱ्या कागदावर रेष राहिली! किती वेळ नुसती बघत बसले. बाटलीतली शाई पुण्याहून मुलगी पाठवतेय, तोवर काळ्या वॉटरकलरवर चाललंय.

रविवारी पहाटेच कासला जाऊन आले. तेरड्याची नळी बघितली, वायतुऱ्याचे दोन तुरेही. वहीत टिपलंय.

दोन शंका आहेत. पान काढताना मधेच शाई तुटते आणि आत पांढऱ्या रेघा राहतात. मी त्या परत भरते, पण भरलं की पान जाड आणि मेल्यासारखं दिसतं. आणि दुसरी, सोनकी मला बारीक रेषेनंच काढावीशी वाटतेय. त्यासाठी कच्च्या कागदाला घरी तुरटी देता येईल का? तुरटी आणि जिलेटिन दोन्ही दुकानात आहेत.

---

विश्रामबाग (सांगली)

त्या पांढऱ्या रेघा भरू नका. हात वेगानं गेला आणि ब्रश कोरडा होत आला की त्या येतात, त्यांना तिथं फार मान आहे. बांबूच्या खोडात, प्लमच्या फांदीत त्या मुद्दाम आणतात. पान बुडापासूनच तुटत असेल तर शाई कमी आहे. शेवटाकडे तुटत असेल तर पान चांगलं आलंय. तिथंच थांबा.

तुरटी घरी देता येते, पण आधी सरावाच्या तुकड्यावर करा. जुन्या चिनी रिवाजात सरस आणि तुरटीचं प्रमाण उन्हाळ्यात सात भाग सरस तर तीन भाग तुरटी, हिवाळ्यात दहाला तीन असं देतात. सरसाऐवजी जिलेटिन चालतं. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवा, जिलेटिन कोमट पाण्यात, तुरटी थंड पाण्यात, मग एकत्र करा आणि भरपूर पाणी घालून पातळ ठेवा. कागद फळीवर उभा टाचून रुंद मऊ ब्रशनं वरून खाली एकच हात द्या, परत फिरवू नका, ओला कागद फाटतो. वाळल्यावर थेंबाची परीक्षा करा. थेंब अजून पसरत असेल तर मागच्या बाजूनं दुसरा हात. तुरटी जास्त झाली तर कागद कडकडीत होतो, चकाकतो आणि पुढं लवकर पिवळा पडतो. म्हणून कमीकडेच राहा. आत्ताच्या दमट हवेत तो वाळायला वेळ घेईल, पंखा लांबून लावा.

सोनकीसाठी मग दोन ब्रश एकाच हातात धरायला शिकावं लागेल, एकात रंग आणि दुसऱ्यात नुसतं पाणी. रंग कडेला लावायचा आणि तो वाळायच्या आत पाण्याच्या ब्रशनं आत ओढून विरवायचा. असे फिके थर द्यायचे, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर पुढचा. पिवळ्यावर एकदम पिवळा देऊ नका, पहिला थर फिक्या हिरवट रंगाचा द्या. सोनकी उन्हात उभी दिसेल. तो तुकडा झाला की फोटो टाका, कागदाची कडही दिसू द्या फोटोत, म्हणजे तुरटी कमी पडली की जास्त झाली ते मला इथून सांगता येईल.